टाकव्याचा एकपत्नी

गेणूचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. तो शिंकला तरी मला कळायचं, आणि मला कळलेलं गावाला कळायला फार वेळ लागत नसे. या खोडीपायी बायकोने माझ्याशी महिनाभर बोलणं टाकून पाहिलं. मी तेही गावभर सांगितलं.

तर गेणू. टाकव्याचा साधा कुणबी, बैलगाडीत तांदूळ घालून तळेगावच्या बाजारी नेणारा. त्याला बिडी लागायची, रविवारी मटण लागायचं, आणि बैलांना शिव्या देण्यात तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बायको अठरा सालच्या मानमोडीच्या तापात गेली, मागे मूलबाळ नाही. अशा माणसावर देव व्हायची पाळी आली ती मिशीपायी.

साल असेल एकोणीसशे सव्वीस. केशवराव नावाचे एक पुणेकर तंबू, पडदा आणि यंत्र गाडीत घालून मावळात गावोगाव शिनेमा दाखवत फिरायचे. त्या साली त्यांनी चित्र घ्यायची पेटीही आणली आणि दवंडी पिटवली: आठ दिवस नदीकाठी शिकवणी, चित्र कसं करतात ते फुकट शिका. फुकट म्हटल्यावर सगळं टाकवं नदीवर. केशवराव सांगायचे, "पेटीकडे बघायचं नाही. पेटी इथं नाहीच असं समजा." लोक नेमके पेटीपुढे येऊन तिला हात जोडायचे. दांडा फिरवायला सगळ्यांना मिळाला. कुणी तो जात्यासारखा फिरवला, कुणी रहाटासारखा.

शेवटी ठरलं, राम नावेतून नदी पार करतो एवढाच प्रवेश घ्यायचा. आता रामाला मिशी नसते, आणि बाप जिता असताना मिशी उतरवणारा आमच्यात मिळायचा कुठून? केशवरावांनी विचारलं, "वडील वारलेले कोण कोण आहेत?" तिघं पुढे झाले. दोघं काठी टेकत. तिसरा गेणू, तोही मी मागून ढकलला म्हणून. सीतामाई झाला नथू. त्याचा बाप धडधाकट, तेव्हा त्याने भावजयीच्या लुगड्याचा पदर नाकापर्यंत ओढून मिशी तशीच आत ठेवली.

गेणूने मात्र पेटीकडे एकदाही पाहिलं नाही. पाहणार कसा? पेटीच्या मागे आमच्याच गावच्या हौशीरामची विधवा बहीण सरुबाई घागर घेऊन उभी होती. रामाच्या डोळ्यांत केवढी करुणा, म्हणून पुढे बायका डोळे पुसायच्या, ती करुणा ही.

जत्रेत चित्र लागलं. पडद्यावर आपली नदी, आपली नाव आणि नावेत राम! बायकांनी वहाणा काढल्या, कुणी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेणू बैलांना पाणी दाखवायला निघाला तर धोंडाबाई वाटेत आडवी झाली. पायच धरले तिने.

"आगं मावशे, म्या गेण्या हाय!"

"व्हय रं बाबा, व्हय," म्हणून तिने पायांची धूळ नातवाच्या कपाळाला लावली.

पहिले चार दिवस गेणूला मजा वाटली, खोटं कशाला सांगू. पाचव्या दिवशी खाटकाने मटण द्यायला साफ नकार दिला. बिडी पेटवली की कुणीतरी हलकेच तोंडातून काढून घ्यायचं. आणि बैल! गाडीला जुंपले की ते शिवीची वाट बघत उभे राहायचे. रामाच्या तोंडात शिवी कशी यायची? आजूबाजूला माणसं हात जोडून उभी. गेणू दात आवळून म्हणायचा, "चला, बाबांनो." बैल मान वळवून त्याच्याकडे बघायचे आणि तिथेच बसायचे. तळेगावला जायची गाडी वेशीतच दुपार काढायची.

त्याने मिशी पुन्हा वाढवली. लोक म्हणाले, वनवासात वाढायचीच. एकदा वैतागून त्याने भर चावडीवर नथूला आईवरून शिवी हासडली. नथू पाया पडला! म्हणाला, "आरं, माझं लगीन आता जमतंय बघ." आणि आठवड्यात जमलं की हो. मग काय, गेणूकडून शिवी घ्यायला रांग. गरिबाने तेव्हापासून तोंडच उघडलं नाही. रात्री भिंतीपलीकडून नुसते उसासे ऐकू यायचे.

हे सगळं त्याने सोसलं असतं. पण त्याला सरुबाईशी म्होतूर लावायचं होतं. विधुराने विधवेशी म्होतूर लावावं, यात आमच्यात काही वावगं नाही. हौशीराम राजी होता. फक्त म्हणाला, "पेरणीच्या आत उरका. न्हाईतर तिकोना पेठंचं स्थळ आलंय, तितं देनार." ते स्थळ साठीचं होतं आणि तीन बायका पोचवून बसलं होतं. सरुबाई मला म्हणाली, "भाऊ, चौथी म्या न्हाई व्हनार. हिरीत जाईन." ती कधी थट्टेत बोलत नसे.

म्होतराला पंचांची सुपारी, म्हणजे परवानगी, लागते. पंचांत मोठे मारुतीआबा. गेणू आणि मी गेलो.

आबा म्हणाले, "सीतामाई धरनीत गेली, मंग रामानं दुसरी क्येली का?"

"आबा, म्या राम न्हाई."

"देव कदी सोताच्या तोंडानं देव म्हनतो व्हय?"

"मंग म्हनतो, हाय म्या राम! द्या परवानगी."

"राम हायेस तर एकपत्नीच ऱ्हा."

मी आयुष्यात पुष्कळांना कोंडीत पकडलं आहे, पण असं दोन्हीकडून दार लावलेलं पाहिलं नव्हतं. मलाही हसू येईना.

गेणूने बैल विकले आणि लोणावळ्याला जाऊन रेल्वेच्या गँगमध्ये लागला. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. खाटीक मटण देत होता, मुकादम शिव्या देत होता. निरोप आला, "लय बरं वाटतंय." हौशीरामचा चुलतभाऊ तिथेच राहायचा, त्याच्या घरी पंचांच्या नकळत म्होतूर उरकायचं ठरलं. वैशाखातला दिवस धरला.

त्याच्या चार दिवस आधी लोणावळ्याच्या बाजारात केशवरावांचा तंबू उभा राहिला. पाटी: मावळचा राम. दोन दिवसांत मुकादम गेणूला 'आपण' म्हणायला लागला. आणि आपला राम बघायला अर्धं टाकवं कामशेतहून आगगाडीने लोणावळ्यात उतरलं. सगळ्यांत पुढे मारुतीआबा.

गेणू केशवरावांचे पाय धरायला गेला. "साहेब, त्ये चित्र जाळा."

"गेणोबा, वेड लागलं का? तंबू त्याच्यावर भरतो. फार तर पावसाळ्यानंतर तुम्हाला रावण करतो."

पावसाळ्यानंतर! तोवर सरुबाई तिकोना पेठेत किंवा विहिरीत.

संध्याकाळचा खेळ सुरू झाला. तंबू गच्च, बायका कनातीपलीकडे. पडद्यावर नाव आली, राम आला, सगळे हात जुळले. तेवढ्यात गेणू उठला आणि थेट पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. यंत्राचा झोत त्याच्या तोंडावर, अंगावर नदीचं पाणी हलतंय, आणि मागे पडद्यावर त्याचीच ही मोठी काळी सावली. पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नसावं. नुसता उभा राहिला, कोंडलेल्या बैलासारखा.

"ए, बस खाली!"

"बाजूला व्हय, देव दिसंना!"

मारुतीआबा काठी आपटत उठले. "गेण्या! सरक की मुडद्या! देवाच्या आड येतोस व्हय?"

गेण्या! वर्षभरात टाकव्यातल्या कुणी त्याला या नावाने हाक मारली नव्हती. कनातीपलीकडून सरुबाईचा आवाज आला.

"आबा, देवाच्या आड कोन आलं म्हनलात?"

"ह्यो गेण्या!"

"मंग देव कुटं हाय?"

आबांनी काठीने पडदा दाखवला. "त्यो काय तितं! ह्याच्यामागं!"

"आसं व्हय. मंग देव ऱ्हाऊ द्या तितंच, एकपत्नी. ह्या आडव्या आल्याल्या मुडद्याशी माजं म्होतूर लावा."

तंबू असा हसला की केशवराव दांडा फिरवायचे थांबले. आबांची काठी तशीच वर. चार गावांसमोर आपल्याच तोंडाने बोलून बसलेले, गिळणार कसं? शेवटी काठी खाली टेकवून म्हणाले, "लावा. पर टाकव्यात न्हाई. आन जोडीनं गावात पाय ठिवायचा न्हाई. आमचा राम आमास्नी ऱ्हाऊ द्या."

म्होतूर लागलं. आज त्याला वीस वर्षं होतील. गेणू लोणावळ्यातच राहतो. टाकव्याला यायचं तर एकट्याने, बिडी विझवून, तोंड मिटून यावं लागतं, म्हणून येतच नाही. बापाच्या श्राद्धालाही आला नाही. ते मी घातलं. केशवरावांचा तंबू होता तोवर दर साल लोणावळ्यात लागायचा. गेणू त्याच्या आसपासही फिरकला नाही. सरुबाई मात्र एकटी जाऊन बसायची. मी विचारलं, घरात अख्खा राम असताना तिथे कशाला?

"घरचा लय भांडतो, भाऊ," ती म्हणाली. "त्यो गुमान उभा ऱ्हातो."