अक्कानं घासलेले अर्धे डॉलर

आमची आत्या अमेरिकेत नर्स होती. ती गेल्यावर तिच्याकडची अर्ध्या डॉलरची अकरा चांदीची नाणी मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला मिळाली. "विकू आणि निम्मे निम्मे पैसे घेऊ," अक्का म्हणाली. एवढ्या सरळ वाक्यानं माझे दोन महिने खाल्ले.

आधी भावजींनी व्हिडिओ पाठवला: असलं एक नाणं म्हणे लाखांना गेलं. मग घराजवळच्या कानडी सराफानं अकराच्या अकरा एकदम काट्यावर टाकली. "बेळ्ळी, अष्टे. नुसती चांदी, अण्णा. वितळवायची."

"अहो, सगळी सारखी नाहीत! चौसष्ट सालापर्यंतच्यांत नव्वद टक्के चांदी आहे, पुढच्या तीन नाण्यांत चाळीसच."

"सरी, ठीक आहे. मग सगळ्यांना चाळीसचा भाव देतो."

मी नाणी उचलून बाहेर पडलो.

शेवटी होसकोट्याचे जुन्या नाण्यांचे एक संग्राहक सापडले. मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे फोनवर मराठी बोलले. त्यांनी प्रत्येक नाण्याचं साल विचारलं, मागच्या बाजूचं टांकसाळीचं बारीक अक्षर विचारलं. मी अख्खा रविवार भिंग घेऊन बसलो. चालत निघालेल्या बाईचं चित्र असलेल्या एका नाण्याचं साल आणि अक्षर सांगितलं, तसा त्यांचा आवाज बदलला. "हे जपून आणा. पुसू नका, कडेनं धरा."

त्यांच्याकडे अक्कालाही यायचं होतं. मला मध्ये हुबळीला जावं लागलं, म्हणून नाणी तिच्याकडे हेब्बाळला ठेवली. पुसू नका, हे मात्र तिला सांगायचं राहिलं. कोण पुसणार आहे, असं वाटलं.

ठरल्या दिवशी कॅबमध्ये बसल्यावर तिनं डबा उघडला. नाणी लखलखत होती.

"हे काय केलंस?"

"दंतमंजन लावून ब्रशनं घासली. किती काळी पडली होती रे! परक्या माणसापुढे न्यायची, तर स्वल्प नीट दिसायला नकोत?"

होसकोट्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तोंड उघडलं असतं तर भांडण ड्रायव्हरनं ऐकलं असतं.

संग्राहकांनी ते चालत्या बाईचं नाणं उजेडात धरलं, जरा कलतं केलं आणि भिंग खाली ठेवलं.

"कुणी घासलं?"

"मी," अक्का कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली.

"ओरखडे पडलेत. आता वजनाचीच किंमत येईल."

"आणि घासलं नसतं तर?" तिनं विचारलं.

"ते राहू द्या, अक्का."

पण मी हटून विचारलं, आणि त्यांनी आकडा सांगितला. अक्काचा चेहरा एकदम उतरला. तिनं नाणी एकेक करून डब्यात भरली. "मग विकायचीच नाहीत," ती म्हणाली.

दोन महिने, अख्खा रविवार, भिंगानं दुखलेले डोळे, आणि आता विकायचीच नाहीत!

परतताना हेब्बाळचा पूल नेहमीसारखा तुंबला होता. तिथं गाडीतच तिनं वाटण्या केल्या. पाच तिला, पाच मला. अकरावं म्हणजे ते चालत्या बाईचं नाणं. तिनं ते पदरानं पुसलं, हो, पुन्हा पुसलं, आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं.

"तूच घे. तुझी धावपळ जास्त झाली."

राग गेला नव्हता. पण ते नाणं तिला परत द्यावं, असंही वाटलं नाही.