गहिनीनाथाच्या घड्याळाचा पट्टा

तिसगावच्या गहिनीनाथाला वेळ विचारावी लागत नसे. तो स्वतःच सांगायचा. डावी बाही कोपरापर्यंत सारायची, मनगट समोरच्याच्या नाकापुढं न्यायचं आणि मग सावकाश काटे बघायचे, ही त्याची पद्धत. शेवगावच्या सासऱ्यानं, रखमाजीनं, लग्नात चामडी पट्ट्याचं घड्याळ दिलं, तेव्हापासून ते त्यानं काढलं नव्हतं. म्हशीची धार काढताना मनगटावर, शेण भरताना मनगटावर, बैलांचं आंबोण कालवताना तर कोपरापर्यंत आत.

दोन पावसाळ्यांत पट्ट्यानं वास धरला. आधी आंबट ताकाचा, मग ओल्या पोत्याचा आणि शेवटी असा, की गहिनीनाथ येताना दिसला तर माणसं लांबूनच ओरडून वेळ सांगू लागली. पट्ट्याखाली बोट घातलं की काळा चिकट मळ निघायचा. गहिनीनाथ तो धोतराला पुसायचा आणि बोट हुंगायचा. हुंगल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"माज्या ताटाला हात लावू नका," बायको भागिरथी म्हणाली. "भाकरीला मेल्या घुशीचा वास येतोय."

"तुज्याच बापानं दिलंय."

"बापानं घड्याळ दिलं. घूस तुमी पाळली."

अशात मेहुणीचं लग्न तोंडावर आलं. घड्याळ घरी ठेवून जावं, तर सासरा म्हणणार, जावयानं विकून खाल्लं. म्हणजे पट्टाच सुधारायला हवा. गहिनीनाथाला जन्मात एकच चामडं ठाऊक होतं, विहिरीवरच्या मोटेचं. मोट कडक पडू नये म्हणून ती ओली ठेवायची आणि तिला तेल पाजायचं. त्यानं पट्ट्यालाही तेच केलं. घड्याळ सोडवून पट्टा म्हशीच्या डोणीत बुडवला, वर करडईचं तेल चोळलं, पुन्हा बुडवला. म्हशीनं त्या डोणीतलं पाणी प्यायचं सोडलं.

"नाथा, तुमच्यात काय मेलंय का रं?" शेजारच्या कडूबाईनं भिंतीवरून विचारलं.

पट्टा मात्र लोण्यासारखा मऊ झाला, वर बुरशीची पांढरी लव. लग्नाच्या सकाळी ती पुसून त्यानं वर हिना अत्तर ओतलं. एस्टीत भागिरथी नाकाला पदर लावून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

शेवगावात पंगतीला बुंदी वाढायचा मान थोरल्या जावयाचा. वाढताना सगळ्यांना दिसावं म्हणून त्यानं घड्याळ मुद्दाम उजव्या मनगटावर घेतलं. उन्हानं पट्टा तापला आणि तेल सुटलं. पहिल्याच पानावर नवरदेवाचा बाप जालिंदर बसलेला. त्यानं घास उचलला, नाकाशी थांबवला, खाली ठेवला. शेजारच्यानं पत्रावळ पुढं सारली. तिसरा तोंडावर उपरणं धरून उठलाच.

"रखमाजी," जालिंदर हळू म्हणाला, "बुंदी नासलीय तुमची."

रखमाजीचा चेहरा पडला. पंगत उठली असती, तर लेकीला सासरी जन्मभर ते ऐकावं लागलं असतं. दारातून भागिरथी नवऱ्याकडं नुसती बघत होती.

गहिनीनाथानं परात खाली ठेवली. "पाव्हणं, बुंदी चांगली हाय. वास ह्याचा हाय," म्हणून मनगट पुढं केलं.

जालिंदरनं हुंगलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घसा साफ करून तो म्हणाला, "ह्यात वाजतंय कमी आन् सडतंय जास्त."

आधी एक जण खोकल्यासारखा हसला, मग अख्खी ओळ हसली. पत्रावळी बदलल्या, बुंदी दुसऱ्यानं वाढली.

मागच्या अंगणात रखमाजीनं पट्टा दोन बोटांनी धरला, तर निम्मा लिबलिबीत होऊन हातातच आला. खाली मनगटाची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली. पट्टा उकिरड्यावर गेला. कुत्रं आलं, हुंगलं, शिंकलं, निघून गेलं. सासऱ्यानं हात तीनदा धुतला, फेट्याच्या टोकाची चिंधी फाडली आणि त्या चिंधीनं घड्याळ पुन्हा जावयाच्या मनगटावर बांधलं.

"इकलं न्हाई तुमी, एवढं मातूर कळलं, जावईबापू."

गहिनीनाथ अजून धारेला घड्याळ बांधूनच बसतो. चिंधीनंही वास धरलाच. पण भागिरथी दर सोमवारी ती ओढून घेते आणि नदीवर दगडावर आपटते. घड्याळ आधी सोडवते, हे त्याचं नशीब.