रिकामी म्हणून हातात दिलेली रायफल

ती घटना आठवली, की आजही माझ्या हातातलं काम थांबतं. भाजी निवडत असले तर देठ एकीकडे, पानं एकीकडे आणि मी भलतीकडेच. लेक ओळखते. म्हणते, "आई, परत सूरला गेलीस ना?"

तसं बघायला गेलं तर ही केस माझ्या नोकरीतली नव्हेच. मी शिपाई म्हणून भरती झाले, रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या ठाण्यांत हयात काढली, सहायक उपनिरीक्षक होऊन निवृत्त झाले आणि लेकीकडे मस्कतला, रुवीत येऊन राहिले. इथं मला ना वर्दी, ना अधिकार. पण पोलीस निवृत्त होतो तो कागदावर. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची दारातली चप्पल गेली तरी लोक माझ्याकडेच येतात, आणि मीही आधी विचारते, "शेवटची कधी पाहिली?"

एक दिवस गावाकडून फोन आला. ओळखीची एक मुलगी होती, आवाज मी लगेच ओळखला. फार पूर्वी तिच्या नवऱ्याच्या पासपोर्टची चौकशी माझ्याकडे होती. चौकशीला गेलं की मी आधी घरातल्या बाईशी बोलायची. पुरुष सांगतात ते फॉर्मवर असतंच. तेव्हा ही नवी नवरी होती. माझ्यासाठी चहात आलं किसताना हसत म्हणाली होती, "म्याडम, तेंना नापास केलात तरी चालंल, घरी तरी ऱ्हातील."

आता ती फोनवर म्हणाली, "म्याडम, ते गेले. माझ्या बाबांच्या हातून गेले."

मी तिला रडू दिलं. मग नेहमीप्रमाणे सुरुवातीपासून सांगायला लावलं.

तिचे वडील, त्यांना आपण चाचा म्हणू, तरुणपणी इथल्या किनाऱ्यावरच्या सूर गावी गलबतं बांधायच्या कामावर सुतार म्हणून आले. पुढे मालकाने त्यांना घरच्याच माणसासारखं ठेवून घेतलं. मालक म्हणजे अर्बाब, चाचांच्याच वयाचा. जावयालाही चाचांनीच तिथं कामाला आणलं. त्या दिवशी गावाबाहेर म्हाताऱ्या मंडळींची नेमबाजी होती. दूरवर पांढरी खूण ठेवायची आणि आपापल्या जुन्या रायफलीने तिचा वेध घ्यायचा, ही तिथल्या लोकांची हौस. नमाज झाल्यावर जावई म्हणाला, अर्बाबची रायफल हातात घ्या, फोटो काढतो, घरी पाठवू. आता हे फोटो आपल्याकडच्या कुठल्या घरात नाहीत सांगा! अर्बाबच्या गाडीला टेकून, अर्बाबच्या उंटाला धरून. अर्बाबने स्वतः रायफल उचलून, रिकामी म्हणून, चाचांच्या हातात दिली. जावई समोर मोबाइल धरून म्हणाला, "नेम धरा, चाप ओढल्यासारखं करा." चाचांनी ओढला. पुढचं सांगायला नको.

"पण बाबांनी पोलिसांत सांगितलं, रायफलीत गोळी मीच घातली होती, गंमत म्हणून," मुलगी म्हणाली. "सासरचे म्हणतात, गंमत कसली, मुद्दाम मारलं. ह्यांना सूर सोडून मस्कतला जायचं होतं, त्यावरनं दोघांचं वाजलं होतं. म्याडम, मी रोज बाबांना फोन करते. रोज एकच विचारते, गोळी का घातलीत? ते नुसते रडतात. तुम्ही तिथं आहात. तुम्ही विचारा ना."

शुक्रवारी माझ्या जावयाने मला सूरला नेलं. तो इंजिनियर, बोलायला मिश्कील. गाडीत म्हणाला, "आई, तिथं कुणाला दरडावू नका हं. तुमचा व्हिसा माझ्या नावावर आहे."

चाचा अर्बाबच्या घरामागच्या खोलीत राहत होते. अर्बाबने हमी दिली म्हणून त्यांना बाहेर सोडलेलं होतं. खटला व्हायचा होता, देश सोडायला बंदी. मला बघून त्यांनी चटई झटकली. "बस बाय. माज्या लेकीन धाडलान तुला?"

"हो. तिला एवढंच हवंय, गोळी का घातलीत."

"नशीब माजा. जे झाला ता झाला."

चौकशीची माझी एक साधी रीत होती. का केलं हे मी कधी आधी विचारलं नाही. 'का'चं उत्तर माणूस घोकून ठेवतो. मी 'कसं' विचारायची. कोपऱ्यात त्यांची काठी होती. ती हातात देऊन म्हटलं, "चाचा, ही रायफल समजा. गोळी कशी घातलीत, करून दाखवा."

त्यांनी काठी आडवी धरली आणि उजव्या हाताने हवेतला दांडा सरळ मागे ओढला.

आता हे कळायला रायफल हाताळलेली पाहिजे. आमच्या प्रशिक्षणात तसलीच जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल होती. तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, सरळ मागे येतच नाही. आधी मूठ वर उचलायची, मग मागे ओढायची. उस्तादाने आमच्याकडून ते इतकं करून घेतलं होतं, की माझ्या बोटांना अजून येतं. ज्याने एकदा जरी बोल्ट उघडलाय त्याचा हात आधी वर जाणार. चाचांचा गेला नाही.

"चाचा, तुम्ही कधी ती रायफल उघडलीच नाहीत."

त्यांनी काठी खाली ठेवली. "बाय, उग्या ऱ्हा."

"मग गोळी आली कुठनं?"

"मना नको इचारू." मग हळूच, "पोरगी माजी हाय ना? ती आज ना उद्या माफ करंल. पन अर्बाबला कोन माफ करंल? हितल्या गावात त्येची इज्जत हाय. माजी काय हाय?"

मला समजायचं ते समजलं. अर्बाबला वाचवण्यासाठी चाचांनी गुन्हा आपल्या अंगावर घेतला होता. पण अर्बाब हे जाणून गप्प बसला होता, की त्याला पत्ताच नव्हता? ते कळल्याशिवाय मुलीला काय सांगणार? मी उठले. चाचा मागून म्हणत राहिले, "बाय, जाव नको, तुला माजी शपथ."

अर्बाब बैठकीच्या खोलीत एकटाच बसला होता. कहवा आला, खजूर आला. सूरचे जुने लोक मुंबईला जाऊन-येऊन असलेले, त्यामुळे हिंदी चांगली. भिंतीवर दोन लाकडी खुंट्या रिकाम्या होत्या. रायफल पोलिसांनी जप्त केलेली. मी केसबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हटलं, "मीही पोलिसात होते. बोल्टची रायफल चालवलीय. तुमची कशी होती?"

बाई गं, म्हातारा खुललाच! नातवाबद्दल बोलावं तसं बोलायला लागला. रिकाम्या हातांनी रायफल धरून दाखवत होता, गाल तिरका करून, डोळा बारीक करून. "लकड़ी अखरोट की. मेरे बाप ने ली थी. वजन भारी, लेकिन कंधे को मारती नहीं. बोल्ट ऐसा, जैसे मक्खन." पहाडात शिकार चालायची तेव्हा बापाबरोबर हीच घेऊन जायचा, आता शिकार बंद, तर हिला नेमबाजीला न्यायचा, दर आठवड्याला तेल द्यायचा. नवी दुर्बिणीची रायफल मुलाने घेऊ म्हटलं तर याने नको म्हटलं. "दूरबीन से तो अंधा भी मारेगा!"

"काही खोड नाही तिच्यात?" मी विचारलं.

"है ना. दो खोड." बोटं मोजत म्हणाला. "एक, चाप बहुत नरम. उँगली रखी, कि गया. दूसरा…" तो हसला आणि आपले पडलेले दात दाखवले. "मेरे माफिक. दाँत घिस गया."

बोल्टच्या तोंडाशी एक बारीक आकडा असतो. तो गोळीची कड पकडून तिला मागे खेचून आणतो. तोच झिजला होता. बोल्ट मागे घेतला तरी कधी कधी गोळी आतच राहायची. "इसलिए मैं हर बार ऐसे देखता हूँ." त्याने करंगळी हवेतल्या नळीत घालून फिरवली. "दूसरा आदमी नहीं जानता. रायफल मेरी है, मैं जानता हूँ."

"हर बार?"

"हर बार."

"त्या दिवशी पण?"

तो बोलायला लागला. माझी पाळी होती, गोळी चढवली होती, नेम धरला, तेवढ्यात अजान झाली. मग उडवली नाही. बोल्ट ओढला, गोळी बाहेर पडली नाही, वाटलं चढवलीच नसेल. गोळ्यांचं मॅगझीन काढून खिशात टाकलं, बोल्ट परत लावला, नमाजला उठलो, लोक बोलावत होते, आणि…

करंगळी तशीच हवेत राहिली.

मी खूप कबुलीजबाब बघितलेत. लोक ओरडतात, पाया पडतात, भिंतीवर डोकं आपटतात. हा म्हातारा नुसता आपल्या करंगळीकडे बघत राहिला. तोवर त्याला खरंच वाटत होतं, की चाचांनी वेडेपणा केला, आणि मोठ्या मनाने आपण त्यांची हमी घेतली.

त्याने काठी मागितली, वहाणा घातल्या. दारात चाचा उभे. "अर्बाब, बैठो. खलास हो गया."

"तू जानता था?"

चाचांनी त्याच्या हातातली काठी धरली.

"तूने मेरा गुनाह अपने सर लिया, और मैं इधर बैठकर तुझ पर एहसान करता रहा?" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "यल्ला, चल हट."

तो त्याच दिवशी ठाण्यात जाऊन जबाब देऊन आला. पुढचं कायद्याने व्हायचं तसं झालं. चाचांवरचा मुद्दाम मारल्याचा संशय गेला, देश सोडायची बंदी उठली. नोकरीत असते तर मी म्हटलं असतं, तपास पूर्ण.

मुलीला चाचांनीच सांगावं, म्हणून मी मोबाइल स्पीकरवर लावून त्यांच्या हातात दिला. मला वाटलं होतं, आता दोघं पोटभर रडतील आणि मोकळी होतील.

"बेटी, गोळी मी नाय घातली. अर्बाबची चूक झाली. त्येची इज्जत ऱ्हावी म्हनून मी खोटा बोललो."

ती म्हणाली, "सासरी मला खुन्याची लेक म्हणाले. माझ्या पोरांना ताटावरनं उठवलं. ते तुमाला ठावं होतं ना, बाबा? मी रोज सांगत होते ना?"

"व्हय."

"एक शब्द बोलला असता तर थांबलं असतं. तुमाला तेंची इज्जत दिसली. माझी कुठं गेली वो?"

तिने फोन ठेवला.

मी सगळी नोकरी एका समजुतीवर काढली, की खरं बाहेर आलं म्हणजे कुणाचं तरी ओझं उतरतं. फिर्यादीचं, आरोपीचं, निदान मेलेल्याचं तरी. या केसने ती समजूत माझ्याकडून काढून घेतली. अर्बाबने बैठक बंद केली. गावातले लोक दारापर्यंत येऊन परत जातात. नेमबाजीला त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही. मुलगी माहेरी राहते, पण बापाचा फोन उचलत नाही. आणि खरं बाहेर काढणारी मी. त्यात खोटं काहीच नव्हतं, हेच तर मला जास्त छळतं. कुणी चुकीचा जबाब नोंदवला असता, कुणी लाच खाल्ली असती, तर बोट तरी दाखवता आलं असतं.

चाचा मोकळे होऊनही गावी गेले नाहीत. मागे एकदा रुवीला माझ्याकडे आले, लेकीने केलेलं पिठलं-भाकर पोटभर जेवले. हात धुऊन आले आणि माझ्या शेजारी बसले.

"बाय, तू पोलिसात हुतीस. एक इचारू?"

"विचारा ना चाचा."

"दिलेला बयान पुन्ना फिरवता येतो काय? पयल्यासारखा? गोळी मीच घातली, म्हनून?"

"आता कशाला चाचा?"

"तवा ती रोज फोन तरी करायची," ते म्हणाले.