आबांच्या कपाटातले माझे खडे

गेल्या चैत्रात, गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, आबांच्या हॉलमध्ये मी पाहुण्यांसमोर शर्ट वर केला. आबांनी सांगितलं म्हणून केला.

"दाखव रं. लाजतूस काय नव्या नवरीगत?"

बेंबीपाशी एक, छातीच्या हाडाखाली एक, उजव्या बरगडीखाली दोन. पित्ताची पिशवी काढताना पाडलेली चार भोकं. आता नुसते व्रण. आबांचे फलटणचे व्याही चष्मा लावून पुढे वाकले.

"वेल्डिंग बरं केलंय," ते म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो.

मग आबांनी काचेच्या कपाटातून प्लास्टिकची छोटी डबी काढली. त्या कपाटात बैलगाडा शर्यतीच्या ढाली आहेत, फौजेतल्या मुलाचे फोटो आहेत, आणि माझ्या पोटातले खडे आहेत. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर ते दाखवायला बाहेर आले, तेव्हा पुढे आबा उभे होते आणि बायको मागे. डबी आबांच्या हातात गेली. नंतर ती मागायची असते हे आम्हाला सुचलं नाही.

डबी पाहुण्यांत फिरली. एका बाईंनी ती कानाशी धरून वाजवून पाहिली.

आबा आमच्या गावचे बागायतदार. गाव रहिमतपूरजवळ. मी त्यांचा ट्रॅक्टर चालवायचो. आमची वस्ती ओढ्यापलीकडे. माझे वडील त्याच घरात सालगडी होते, पण त्यांनी तो हॉल आतून पाहिला नाही. मला तिथे पहिल्यांदा बोलावलं ते पोट दाखवायला.

ऑपरेशन आबांनी करून दिलं, हे खरं आहे. कळ उठून मी उसाच्या बांधावर लोळत होतो तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाडीतून साताऱ्याला नेलं. सरकारी योजनेत बसावं म्हणून ओळख लावली. मी त्यांच्या पाया पडलो होतो. तेही खरं आहे.

टाके सुकले, मी कामावर गेलो, आणि काही आठवड्यांत कळ परत आली. जागा तीच. उजव्या बरगडीखालून निघायची आणि पाठीतून खांद्यापर्यंत जायची. तेलकट खाल्लं की हमखास. कधी नुसत्या चहावर. ट्रॅक्टर खड्ड्यातून गेला की मी स्टिअरिंगवर ओणवा व्हायचो. बायको मुगाचं पातळ वरण करायची, त्यात भाकरी कुस्करून थोडी थोडी द्यायची. डाव्या कुशीवर निजलं की जरा बरं वाटायचं. मग तेही वाटेना.

आबांना सांगितलं.

"खडे माझ्या कपाटात हायत," ते म्हणाले. "मंग दुखतंय काय?"

साताऱ्याला पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा तेच सोबत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "एकदम झ्याक हाय आता गडी." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

बायको घरी म्हणाली, "आवं, त्यास्नी सारखं नगा सांगू. काम जाईल."

त्यानंतर सांगायचं बंद केलं. दुखायचं बंद झालं नाही.

जत्रेच्या त्या दुपारी शर्ट खाली केला आणि मी निघालो, तर आबांनी थांबवलं. हॉलमध्येच पाहुण्यांच्या पंगतीला बसवलं. ताटात जत्रेचं मटण आलं, वर बोटभर तेलाचा तवंग.

मी म्हणालो, "आबा, मला भाकरी आन् दही बास."

आबांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"आमच्या घरचं गोड लागंना व्हय? खा. पाव्हण्यास्नी कळू दे गडी बरा झालाय ते."

"वाढा, वाढा," व्याही म्हणाले. "ह्यांची वस्ती मटणाला न्हाई म्हनती का कवा?"

पुन्हा हसले. मी खाल्लं. मान खाली घालून, त्यांचं लक्ष असेपर्यंत खाल्लं. ताट संपायच्या आत कळ आली. गोठ्यामागे गेलो, ओकलो, आणि गव्हाणीला पाठ लावून बसलो. ताठ होता येईना. हॉलच्या खिडकीतून आवाज येत होते.

"काय झालं त्याला?"

"प्यायला आसंल."

मी आयुष्यात दारू प्यायलो नाही. आबांना ते माहीत होतं. ते काही बोलले नाहीत.

चार-पाच दिवस पोटात पाणीही ठरलं नाही. मग बायकोने एसटीत घातलं आणि सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टर बाई वयाने लहान होत्या. मी आत गेलो आणि सवयीने शर्ट वर करून उभा राहिलो.

"खाली करा," त्या म्हणाल्या. "आधी बसा. कुठं दुखतं, कधीपासून, ते सांगा. मग पडद्याआड तपासते."

मी सांगत गेलो. त्या मध्ये बोलल्या नाहीत.

"पिशवी काढल्यावरही काही जणांना दुखत राहतं," त्या शेवटी म्हणाल्या. "नळीत एखादा खडा राहिलेला असतो, कधी दुसरंच काही असतं. कधी कारण सापडतही नाही. पण दुखतं. इतके दिवस कुणाला सांगितलं नाही का?"

"सांगितलं की," बायको म्हणाली. "पर खडे कपाटात हायत म्हनं."

डॉक्टर बाईंना ते कळलं नाही. आम्हीही समजावलं नाही.

परतीच्या एसटीत बायको पदर तोंडाला लावून रडली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. वडील आठवत होते. ते दमलेत की नाही, हे आबांच्या घरातून ठरायचं. त्यांना ताप आहे की सोंग, तेही तिथूनच ठरायचं. ते अंथरुणाला खिळले तेव्हाही त्या घरातून माणूस आला होता, खरंच उठवत नाही का ते बघायला. आता पोट माझं होतं, आणि ते दुखतंय की नाही हे मी दुसऱ्याला ठरवू दिलं होतं.

मे महिन्यात आबांचा मुलगा सुट्टीवर आला. सोबत त्याच्या युनिटमधले दोघे होते. मला शेतातून बोलावून घेतलं. डबी आधीच टीपॉयवर काढून ठेवलेली होती.

"शर्ट वर कर रं."

"न्हाई, आबा."

"काय?"

"दुखतंय मला. जत्रेत बी दुखत हुतं. तुमचं उपकार हायत, ते मी मानतो. पर बरा झालोय म्हननार न्हाई."

"मंग हे खडे कुणाचं?"

"माझं हायत. ठेवा तुमी."

मुलगा जमिनीकडे पाहत होता. आबांनी आवाज चढवला नाही.

"किल्ली ठेव," ते म्हणाले.

ट्रॅक्टरची किल्ली मी डबीशेजारी ठेवली आणि बाहेर आलो. ओढ्यापर्यंत चाललो. तिथे कळ आली, म्हणून दगडावर बसलो. बऱ्याच वेळाने घरी गेलो. बायकोने वरण गरम केलं.

सांगलीला पोटाचा एमआरआय झाला. पित्ताच्या नळीत खडा नाही. कारण अजून सापडलेलं नाही. गोळ्या सुरू आहेत. एका वेळी थोडंच खातो, तेल जवळपास बंद आहे. तरी दुखतं. मिळेल तिथे रोजंदारीवर जातो. वाकून करायचं काम होत नाही, तसं आधीच सांगतो. काही जण घेतात, काही घेत नाहीत.

पावसाळा संपताना आबांचा माणूस दारात आला. उभ्याउभ्याच बोलला.

"आबा म्हनत्यात, चारचौघांत म्हन, बरा झालोय. आन् ये उद्यापासनं."

बायको चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं.

"दुखतंय म्हनून सांग," मी म्हणालो.

त्याने तसं सांगितलं. पुन्हा निरोप आला नाही. आबांचा ट्रॅक्टर आता दुसरा माणूस चालवतो.