दोन बारांमधली जागा

मालनआक्कांकडे बोट रोखून कुणी बोलायला लागलं की त्या चटकन बाजूला सरकत. छत्रीचं टोक असो, लाटणं असो की टीव्हीचा रिमोट, आपल्या दिशेने वळलेली वस्तू त्या हाताने खाली दाबत आणि म्हणत, "नळी भुईकडं!" मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात शिरले तेव्हा माझ्या हातात मिटलेली छत्री होती. मी नमस्कार करायच्या आत त्यांनी ती काढून घेतली आणि कोपऱ्यात उभी केली. "रिकामी हाय, रिकामी हाय म्हणत्यात समदी," त्या म्हणाल्या. "माणसं मरत्यात ती त्या रिकामीनंच."

सांगलीत हळदीच्या पेठेमागे एका बोळात त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांचा धंदा. भाऊ फौजेत गेले, शेती बघायला एक मागे राहिला आणि कानशीची अक्कल मात्र या मुलीच्या हातात उतरली. साडीवर पुरुषी शर्ट, चष्म्याला दोरी आणि स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. दुसऱ्या कारागिराची स्तुती त्यांच्यासमोर करायची सोय नव्हती. "त्यो? त्यानं कुलपं दुरुस्त करावीत," एवढ्यात विषय संपायचा.

जुन्या एकचापी दुनळ्या ही त्यांची खासियत. साध्या दुनळी बंदुकीला दोन चाप असतात, प्रत्येक नळीला एक. काही जुन्या, नखरेल बंदुकांना मात्र एकच. पहिल्यांदा ओढला की उजव्या नळीचा बार उडतो, पुन्हा ओढला की डावीचा. गोम अशी की पहिल्या बाराच्या धक्क्याने बंदूक खांद्यावर उसळते आणि आपल्या नकळत बोट चापावर पुन्हा दाबलं जातं. तेवढा क्षण दुसऱ्या नळीची वाट अडवायला आत एक छोटा ठोकळा असतो. तो अडकला की दोन्ही बार एकदम उडतात. आक्का त्याला "जुळं होणं" म्हणत.

आमच्या आप्पांची बंदूक तसली होती. आप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार, पाटणजवळच्या आमच्या गावी ऊस करतात. रानडुकरांसाठी परवाना आहे, पण बंदुकीचा खरा मान खंडेनवमीला. सकाळी तिची पूजा आणि संध्याकाळी उसाच्या कडेला डुकरं पांगवायला दोन बार. आदल्या वर्षी पूजेनंतर आप्पा बांधावरून घसरून पडले आणि त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. निदान आम्हाला तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं.

"चाप जरा जड लागतोय," आप्पा आक्कांना म्हणाले. आक्कांनी बंदूक बाजूला ठेवली आणि सरळ त्यांच्या उजव्या खांद्यावर अंगठा दाबला. आप्पा कळवळले.

"आवं सुभेदार, तुमी पडला न्हाई. तुमाला हिनं पाडलंय. जुळं झालं न्हवं?"

आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मी साताऱ्यात औषधाचं दुकान चालवते. वर्षभर त्यांना वेदनाशामक गोळ्या मीच पाठवत होते, आणि हा माणूस तोवर बंदुकीला तेलपाणी करून पुढच्या खंडेनवमीची वाट बघत होता. मला भयंकर राग आला.

आक्कांनी बंदूक उघडली. आत पिवळट, लालसर, डिंकासारखा घट्ट राप साचला होता. त्यांनी नखाने थोडा काढून हुंगला. "हळद, कुकू, खोबरेल. आन् ह्यो बघा तांदळाचा दाणा. पूजा करून करून चापाचाच देव केलाय तुमी." दाणा ठोकळ्याच्या वाटेतच रुतला होता.

साफसफाई झाली, पण दुखणं गेलं नाही. उजव्या नळीत खरं काडतूस, डावीत खोटं, असा एक बार त्या गावाबाहेर जाऊन काढत. खोट्या काडतुसावर ठोक्याची खूण उमटली की समजायचं, जुळं झालं. खूण उमटली होती. खंडेनवमी तोंडावर आलेली, आप्पांचा रोज फोन. शेवटी मीच म्हणाले, "आक्का, सरळ दोन चाप बसवून टाका ना."

"बापाचं गुडघं दुखत्यात म्हणून दुसरा बाप आणशील व्हय गं?" त्या कडाडल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "स्प्रिंग मेली हाय आतली. नवी करते. पर न्हाई जमली, तर बंदूक मी देणार न्हाई. सुभेदार रडू दे न्हाईतर पडू दे."

चाचणीला त्यांनी आम्हाला कवठे महांकाळबाहेर, भावाच्या माळावर बोलावलं. समोर बार अडवायला टेकाड, आजूबाजूला चिटपाखरू नाही. खोट्या काडतुसाची चाचणी झाली. या वेळी त्यावर खूण नव्हती. आप्पांनी लगेच हात पुढे केला. "आणा. आता खरे दोन मी उडवतो."

"तुमी मागं व्हा."

"बाई, मी सुभेदार हाय."

"असाल. सुभेदारी बॉर्डरवर. हितं काम माझं, तवा खांदा बी माझा."

दुरुस्त केलेल्या प्रत्येक बंदुकीचे पहिले दोन खरे बार त्यांच्याच खांद्यावर उडायचे, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या दुकानातल्या खणात मी हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्या पाहिल्या होत्या. दोन्ही बार एकदम सुटले तर त्या खांद्याचं काय होईल, हे मला आप्पांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी "आक्का, नको" म्हणालेसुद्धा. त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे.

पहिला बार झाला. आक्का मागे हलल्या, सावरल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. माळावर काहीच ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. आप्पांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते दुखायला लागलं होतं. मला वाटलं, आता बास, ठेवा खाली. तेवढ्यात त्यांनी सावकाश, आपल्या मर्जीने, दुसरा बार काढला.

मग त्या दगडावर बसल्या. "ऐकलंस? दोनीच्या मधी काय व्हतं?"

"काहीच नव्हतं, आक्का."

"तेच बसवाया लय दिस लागलं गं मला."

आप्पांनी त्यांना कडक सलाम ठोकला. मी वाकून पाया पडले, तर पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "फुडच्या टायमाला छत्री भाईर ठिवून यायचं." पूजेचाही तोडगा त्यांनीच सांगितला: चापाभोवती खणाचा तुकडा घट्ट बांधायचा आणि हळदकुंकू फक्त लाकडी दस्त्याला. "देव लाकडात बी असतोय."

गेल्या उन्हाळ्यात आक्का झोपेतच गेल्या. मी रडले, आणि नात्यातली कोण म्हणून रडतेय हे विचारणाऱ्यांना मला सांगता येईना.

खंडेनवमीला आप्पांनी दस्त्याला कुंकू लावलं, संध्याकाळी खण सोडला आणि उसाच्या कडेला पहिला बार काढला. मी दुसऱ्याची वाट बघत कान झाकून उभी होते. बराच वेळ काही झालं नाही. मग आप्पांनी नळी जमिनीकडे वळवली, बंदूक उघडली आणि डावीकडचं न उडालेलं काडतूस काढून माझ्या हातात दिलं.

"आप्पा, दुसरा?"

"न्हाई. ही गप्प जागा आक्कानं बसवल्याली हाय. आज तिलाच ऱ्हाऊ दे."

आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच उभे राहिलो.