मोहापाशी उतरायचं

हुडकेश्वरच्या मागच्या लेआउटमध्ये वच्छलाताई रामटेके राहतात. खेड्यापाड्यातल्या पोरांना सुया टोचण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी गल्लीतली पोरं त्यांना पाहिलं की अजून दंड लपवतात. आयांनीच शिकवून ठेवलंय तसं, जेवला नाहीस तर नर्सबाईला बोलावते म्हणून. "जिंदगीभर पोट्ट्यायचं भलं केलं," वच्छलाताई म्हणतात, "अन् पेन्शनीत बागुलबुवाची ड्युटी लागली." इकडच्या जुन्या बायांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. पुण्याहून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी एकदा त्यांची भाषा सुधारायला घेतली होती. आठवड्याभरात डॉक्टरीणबाईच 'का'च्या जागी 'काहून' म्हणायला लागल्या.

वच्छलाताईंची काळी लेडीज सायकल अजून चालू आहे. रंग उडालाय, घंटी ठणठणीत आहे, आणि मागे जाड सळयांचं रुंद कॅरिअर आहे, वेल्डिंगवाल्याकडून मुद्दाम बनवून घेतलेलं. भाजीला, बँकेत, कोणाच्या बारशाला, सगळीकडे हीच सायकल. पण आता गुडघे बोलायला लागले होते, आणि उजवा तर ओरडायलाच. होळीनंतर ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नंतर चांगल्या रस्त्यावर हळूहळू सायकल चालवा, पण कच्च्या वाटेवरची सायकल आता विसरा.

वच्छलाताईंनी शहाण्यासारखी मान हलवली. ऑटोत बसल्यावर मुलीला म्हणाल्या, "म्हणजे होळीच्या आधी एकदा जाऊन येऊ."

"कुठं?"

"पांदणीनं."

पांदण म्हणजे जुन्या गावाकडची, वावरांमधली गाडीवाट. मेघाने कपाळाला हात लावला. मेघा ही त्यांची एकुलती एक. मिहानमधल्या कंपनीत नोकरी करते, आणि दर रविवारी डोंगरावर सायकल चालवते. तिची सायकल म्हणजे जाडजूड टायर, पुढे शॉकअप्स, पंधरा-वीस गिअर. सायकल घरी आली त्या दिवशी वच्छलाताईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिले कॅरिअर नाही?"

"माउंटन बाइकला नसते आई."

"मंग पाहुणा आला तर बसवायचा कुठी?"

हिंगण्याच्या पलीकडे टेकडीवर अशा सायकलींसाठी नवा ट्रेल झाला होता. मेघाने आईला आधीच्या महिन्यात तिथे नेलं होतं, आणि खोटं कशाला बोला, वच्छलाताईंना तो आवडला होता. मुरूम दाबून बसवलेला, वळणावळणाला मातीची पाळ रचलेली, सोप्या वाटेला हिरवी पाटी आणि अवघड वाटेला काळी. मेघाच्या सायकलवर हिरव्या पाटीची एक फेरी मारताना त्या लहान पोरीसारख्या ओरडल्याही होत्या. पण उतरल्यावर इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "मस्त हाये. पण जिथून निघाली तिथीच आली ना वं मी. मधात कोणाचं घर नाही, दार नाही. कोणाले भेटाले जायचं इथून?"

आता एकच राईड उरली, तर ती त्या ट्रेलवरच व्हावी, असं मेघाचं म्हणणं होतं. तिथे काटे नाहीत, कुत्री नाहीत, डुकरं नाहीत, पडलं तर उचलायला माणूस आहे. "आणि पांदण राहिली कुठं आई? अर्ध्यात प्लॉट पडले. तू जे आठवून राहिली ते आता नाही आहे तिथं. ट्रेलवर कोणी बघायलाही नसते. आरामात चालव."

कोणी बघायला नसतं हे ऐकून वच्छलाताई उठून सायकलचं कॅरिअर पुसायला लागल्या. मेघाला वाटलं, आई पटली. पण त्यांना दुसरंच काही आठवलं होतं.

इथे बळीरामजींबद्दल सांगायला पाहिजे, कारण पांदणीची सगळी गोष्ट त्यांच्या वजनाची आहे. बळीरामजी म्हणजे वच्छलाताईंचे यजमान. ते जाऊन आता काही वर्षं झाली. कळमन्याच्या बाजारात ते मापारी होते. गहू, तूर, चना, जे येईल ते तोलायचं. पोतं काट्यावर पडायच्या आधी नुसतं पाहून वजन सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत. दिवसभर दुनियेच्या मालाचा तोल करणारा हा माणूस सायकलवर बसला की मात्र त्याचा स्वतःचा तोल जायचा. लग्नानंतर नव्या नवरीनेच शिकवायला घेतलं. पहिल्या दिवशी ते बांधावर पडले, दुसऱ्या दिवशी चन्याच्या वावरात, वर सायकल. त्यानंतर त्यांनी सायकलला हात जोडले आणि मागे बसले ते कायमचे.

त्यांचं गाव नाल्यापलीकडे होतं. वच्छलाताईंचं आरोग्य उपकेंद्र डांबरी रस्त्यावर, आणि कळमन्याला जाणारी मॅटाडोरही त्याच रस्त्यावरून मिळायची. मध्ये होती ती पांदण. दोन्हीकडे वावरं, बाभळीचं कुंपण, आणि मधोमध बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. हल्लीची मंडळी चाकोरीबाहेरचं काहीतरी करायचं म्हणून डोंगरावर सायकल नेतात. वच्छलाताईंची सायकल चाकोरीतूनच जायची, कारण चाकोरीबाहेर काटे होते. लशींचा डबा हँडलला, नवरा कॅरिअरवर, आणि नवऱ्याच्या मांडीवर दोघांचे डबे.

काय दिवस होते ते! संत्र्याला बहार आला की अर्धी वाट वासावरच सरायची. थंडीत तुरीच्या शेंगा चालत्या सायकलवरून हाताला लागायच्या, आणि बळीरामजी मागे बसून त्या सोलून एकेक दाणा बायकोच्या तोंडापुढे धरायचे. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी चिकटायची की सायकलच माणसाच्या खांद्यावर बसून जायची. तेव्हा ती बळीरामजी उचलायचे आणि म्हणायचे, "आज माही पाळी, नर्सबाई." बाजारातल्या सगळ्या गमती ते मागून सांगत राहायचे. वच्छलाताईंना त्यांचा चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा, आणि मागे वळून पाहायची सोयच नव्हती. नजर चाकोरीतून हलली की गेलीच सायकल बांधावर.

नाला ओलांडला की थोड्या अंतरावर मोहाचं झाड होतं. तिथे आलं की बळीरामजी रोज म्हणायचे, "उतरतो बावा. लोकं पाहतीन." आणि टुणकन उतरायचे. वच्छलाताई पुढे निघून जायच्या, ते मागून पायी रस्त्यावर यायचे.

सुरुवातीला वच्छलाताई म्हणायच्या, "पाहू द्या ना." मग म्हणायचं सोडून दिलं. उपकेंद्राच्या दारात कोणीतरी एकदा बोललंही होतं, बळीरामले बायको वाहून नेते म्हणून. मेघाच्या वेळी सातवा महिना लागला तसे तर ते मोहापर्यंतही बसेनात, नाल्यापासूनच पायी चालू लागले. लाज वाढली, असं वच्छलाताईंनी समजून घेतलं. बायको कमावते, बायको सायकल चालवते, याची पुरुषाला लाज वाटणारच. तो काळच तसा होता. माणूस बाकी सोन्यासारखा. पण ते रोजचं 'लोकं पाहतीन' काट्यासारखं आत राहून गेलं. पुढे हुडकेश्वरला प्लॉट घेतला, घर झालं, पांदण सुटली. काटा मात्र निघाला नाही, आणि आता विचारायला माणूसही राहिला नव्हता.

"मी पांदणीनंच जातो," वच्छलाताई म्हणाल्या. "तुले यायचं नसन तर नको येऊ."

मेघा आली. न येऊन सांगते कोणाला.

रविवारी सकाळीच दोघी रस्त्यावरून पांदणीत उतरल्या. मेघाचं खरं होतं. सुरुवातीलाच प्लॉटच्या जाहिरातीचा मोठा फलक, त्यावर पोहण्याच्या तलावाचं चित्र. पण फलकामागून वाट अजून निघत होती. विहिरीच्या वळणावरून पुढे उतार लागला तशी वच्छलाताईंनी पॅडल मारणं सोडलं. सायकल आपली आपण घरंगळत निघाली, कॅरिअर खडखडलं, आणि दोन्ही बाजूंना गहू पिवळा होऊन उभा होता. पळस लालभडक फुलला होता. "पाहून राहिली का वं मेघा!" त्या ओरडल्या. मेघा मागून येत होती आणि तिचे शॉकअप्स बिचारे कामाला लागले होते. तिलाही मजा वाटत होती, पण कबूल करायला ती काही तयार नव्हती.

मोहाखाली तुळसाबाई फुलं वेचत होती. जुनी ओळख, हिच्या चारही लेकरांना वच्छलाताईंनी टोचलं होतं. "जयभीम नर्सबाई! अजून सायकलवरच?" तिने ओंजळभर फुलं दिली. तोच गोड, डोकं धरणारा वास. वच्छलाताईंना वाटलं, आता मागून कोणीतरी म्हणेल, उतरतो बावा. कोणी म्हणालं नाही.

नाल्यापर्यंतच वाट होती. पलीकडे प्लॉटवाल्यांची भिंत. वच्छलाताई भिंत पाहायला म्हणून सायकलवरून उतरल्या, पाय दगडावर वाकडा पडला आणि गुडघ्यातून कळ निघाली ती थेट डोक्यात. मेघाने धरून खाली बसवलं. बराच वेळ गेला. कळ थोडी थांबली, पण पॅडल मारणं आता शक्य नव्हतं.

"मी म्हटलं होतं," असं मेघा म्हणाली नाही, हे तिचं मोठेपण. तिने आधी स्वतःच्या सायकलकडे पाहिलं. आईला बसवायला तिच्यावर जागा नव्हती. मग काळ्या सायकलकडे पाहिलं.

मेघाने आपली महागडी सायकल ढकलत मोहाखाली नेऊन ठेवली. "ठेव इथी, मी बसली हाओ ना," तुळसाबाई म्हणाली. मेघा नाल्याशी परत आली, काळी सायकल घेतली, आणि जन्मात पहिल्यांदा वच्छलाताई स्वतःच्या सायकलच्या कॅरिअरवर बसल्या.

वेगळंच होतं ते. हातांना काम नाही, डोळ्यांना काम नाही, चाकोरी सांभाळायची जबाबदारी दुसऱ्याची. एका बाजूला पाय सोडून बसलं की सगळं वावर आपल्यासमोरून हळूहळू सरकत जातं. त्यांना हे कधी दिसलंच नव्हतं. आणि कानाशी मेघाचा श्वास होता, अगदी कानाशी.

मोह जवळ आला तसा तो श्वास बदलला. आधी लांब झाला, मग तुटक. सायकल डुलायला लागली. मेघा उभी राहून पॅडल मारू लागली, आणि वच्छलाताईंनी मान वाकडी करून पुढे पाहिलं. झाडाच्या बुंध्यापासूनच चढ सुरू होत होता. मघाशी इथूनच त्या पॅडल न मारता खाली आल्या होत्या. उतार त्यांना ठाऊक होता, पण पाठीवर नवरा घेऊन हा चढ त्यांनी एकदाही चढला नव्हता.

आणि रस्ता? रस्ता इथून दिसतच नव्हता. वर विहिरीचं वळण, वळणावर उंच बांध, रस्ता त्याच्याही पलीकडे. मोहाखाली हत्ती उभा केला असता तरी रस्त्यावरच्या माणसाला दिसला नसता.

लोकं पाहतीन म्हणे! कोणती लोकं? लोकांना भिऊन उतरायचं असतं तर ते विहिरीच्या वळणावर उतरले असते, सगळा चढ बायकोकडून चढवून घेऊन. सातव्या महिन्यात नाल्यापासून पायी चालले नसते. पोत्याकडे बघून वजन सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन माहीत नव्हतं होय? रोज कानाशी बायकोचा श्वास ऐकत बसायचे ते. आणि खरं सांगितलं असतं तर बायको म्हणाली असती, बसा गुमान, मी चढवतो. तेवढी जिद्दी तर ती होतीच. म्हणून मग लाजेचं सांगितलं, आणि ते खोटं शेवटपर्यंत निभावून नेलं.

वच्छलाताईंना त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि त्याची आठवण त्याहून भयंकर आली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते त्यांनी वाहू दिलं. मागे बसलेल्याचं तोंड पुढच्याला दिसत नाही, हेही त्यांना आजच कळलं.

"थांब वं मेघा."

मेघाने पाय टेकला. धापा टाकत होती, पण मान वळवून म्हणाली, "का झालं? गुडघा? बसून राहा ना, चढवते मी. एवढासा तर चढ आहे."

वच्छलाताई हळूच खाली उतरल्या. दुखरा पाय टेकवून पाहिला आणि कॅरिअरच्या सळईला घट्ट धरलं.

"आई, काहून उतरली?"

"उतरतो बावा," वच्छलाताई म्हणाल्या. "लोकं पाहतीन."