डाव्या कानाला ऐकू आलं ते

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. परभणीतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी काम करते. मुलं भुताखेतांची पुस्तकं नेतात आणि परत करताना विचारतात, "मॅडम, तुम्ही वाचलं का?" मी म्हणते, त्रास द्यायला जिवंत माणसं कमी पडलीत का? तरी हे लिहितेय... कारण सांगायला घरात दुसरं कुणी नाही.

मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. पाच वर्षांची असताना गालगुंड झाले, त्यात तो कान गेला. मशीनचाही उपयोग नाही. सातवीत असताना आई वारली. मग घरात मी आणि माझे वडील, अण्णा. वसमत रोडला त्यांचं शिलाईचं दुकान होतं. काही बोलायचं असलं की ते आठवणीने माझ्या उजव्या बाजूला येऊन बसत. पण रात्री मी अंथरुणावर पडले की कधीकधी ते मुद्दाम माझ्या डाव्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटायचे. कानाला श्वास लागायचा, शब्द नाही.

"काय म्हणालात?"

"तुझ्या कामाचं न्हाई. झोप."

मला वाटायचं, चिडवतायत. मी मोठी झाले तसं ते बंद झालं. माझं लग्न काही जमलं नाही. आम्ही दोघंच राहिलो, आणि दोन वर्षांपूर्वी अण्णाही गेले. तेव्हापासून रविवार संपता संपत नाही.

अशाच एका रविवारी कॉलेजच्या नोटीस बोर्डावरचं पोस्टर आठवलं – पुण्याचा रॉक बँड, प्रवेश मोफत. आमच्याकडे बँड म्हणजे वरातीचा. पण घरात बसून तरी काय करणार होते? संध्याकाळी गेले. मुहूर्त नव्हते म्हणून मंगल कार्यालय रिकामं मिळालेलं. खुर्च्या पाचशे, माणसं चाळीसेक. गाणारा घोंगडी पांघरून थेट नवरा-नवरीच्या सोफ्यावर मांडी घालून बसलेला आणि खताच्या गोणीवरच्या सूचना चाल लावून गात होता. नेहमीची गिटार नव्हतीच. दोन पोरं जाडजूड तारांचे, खर्जात घुमणारे बेस वाजवत होती आणि मागे ड्रम. बेसवाल्यांतला एक इथून जवळच्या ताडकळसचा, म्हणून त्याचं सगळं खानदान पहिल्या रांगेत, कानात बोटं घालून. तो स्वतः अनवाणी, लोकांकडे पाठ करून, स्पीकरला कपाळ टेकवून वाजवत होता. वेडच सगळं. मला मात्र बरं वाटत होतं. छातीत, खुर्चीत, दातांत तो आवाज घुमत होता, आणि इतक्या दिवसांनी आपल्याला कुणीतरी हलवतंय असं वाटलं.

मी उठून स्पीकरशेजारी भिंतीला टेकले. डावी बाजू स्पीकरकडे केली, त्या कानाचं आणखी काय बिघडणार? गाणारा पाणी प्यायला आत गेला, ड्रम थांबले. त्या अनवाणी पोराने एकच खालचा सूर धरून ठेवला. आणि माझ्या डाव्या कानात कुणीतरी बोललं.

अण्णा. शेवटच्या दिवसांतला घोगरा आवाज नाही, मी लहान असतानाचा.

"जिंतूरच्या बाईला नको म्हणून सांगून आलो. बरी होती गं, माय. हसायची लय."

मी उजव्या कानात बोट घातलं. बाहेरचं सगळं बंद झालं. डाव्या कानात श्वास तसाच ऐकू येत होता. मग तो सूर सुटला आणि कान पुन्हा मेला.

घरी कशी आले ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशी जिंतूरला आत्याला फोन केला. अण्णांची ही थोरली बहीण. विचारलं, "आत्या, अण्णांसाठी तिकडची कुणी बाई पाहिली होती का?"



"तुला कुनी सांगितलं? आमी दोघंच गेल्तो पाहायला. तू सातवी-आठवीत आसशील."

"मग काय झालं?"

"काय व्हायचंय? चांगली बाई होती. त्याला पसंत बी होती. पन तुझा बाप म्हनला, आक्का, नवं मानूस पोरीच्या कोन्त्या बाजूला बसून बोलंल, काय सांगावं. राहू दे म्हनला."

कान पुन्हा तपासून घेतला. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखाच, काही येत नाही. ओळखीतले म्हणतात, लहानपणी कानावर पडलं असेल, मनात राहिलं असेल. पडलं असेल हो, पण कोणत्या कानावर? बाकी कुणी मला हे कधी सांगितलेलं नाही. मला याचं उत्तर सापडलेलं नाही आणि तुम्हाला सापडलं तरी मला पटेल असं वाटत नाही.

भीती वाटली नाही. राग आला, अण्णांचा. घरात ऐकायला माणूस होतं, तरी त्यांनी बरोबर तोच कान निवडला. उजव्या कानात सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, आणा तिला, मी शिकवीन कुठे बसायचं ते. आमच्या घरात हसणारं एक तरी माणूस आलं असतं.